मॅकग्रेगर: आडनाव लावलं तर फाशी

३ एप्रिल १६०३. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स दोन दिवसांत लंडनला निघणार होता. इंग्लंडची राणी एलिझाबेथ २४ मार्चला वारली, तिला मूलबाळ नव्हतं आणि गादी ह्या लांबच्या नातेवाईकाकडे आली, म्हणजे माणसाला आयुष्यातली सगळ्यात मोठी लॉटरी लागलेली. अशा गडबडीत त्याच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, एक हुकूम काढला, की मॅकग्रेगर हे आडनाव रद्द, ज्यांचं हे आडनाव आहे त्यांनी दुसरं घ्यायचं आणि जो घेणार नाही त्याला देहदंड. एखाद्या माणसाला किंवा टोळीला नाही, थेट आडनावालाच शिक्षा. आणि ही भानगड मिटायला १७७४ साल उजाडलं, मधे काही वर्षं सूट मिळाली तेवढीच.

स्कॉटिश आडनावांबद्दल नेटवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक ठरलेलं असतं, ह्या नावाचा अर्थ हा, बोधवाक्य ते, टार्टन (घराण्याचं चौकड्यांचं कापड) असं, आणि खाली त्या टार्टनचा मफलर विकायला ठेवलेला. मॅकग्रेगर हे प्रकरण त्या चौकटीत मावत नाही म्हणून मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. ह्या आडनावाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे, त्यात खास काही नाही. त्याला जे वजन आलं ते सरकारने ते पुसायला घेतलं तेव्हापासून.

आधी तो साधा अर्थ सांगून टाकते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या जुन्या गेलिक भाषेत 'मॅक' म्हणजे मुलगा, आणि ग्रिगॉर म्हणजे आपल्याला माहीत असलेला ग्रेगरीच. मूळ ग्रीक ग्रेगोरिओस, म्हणजे जागा असलेला, सावध. ह्या नावाचे पोप आणि संत होऊन गेले त्यामुळे ख्रिश्चन जगात ते सगळीकडे पोचलं, गोव्यातही ग्रेगोरियो नावाचे लोक भेटतातच. तर मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरीचा मुलगा, बस. पण गेलिकमधे बाईच्या आडनावात 'मॅक' येत नाही, तिथे 'निक' लागतं, म्हणून मुलगी निकग्रिगॉर. इंग्रजी कागदांमधे मात्र बाया-पुरुष सगळे मॅकच लिहिले गेले. आणि ते 'एम-सी' स्पेलिंग असेल तर आयरिश आणि 'एम-ए-सी' असेल तर स्कॉटिश असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं त्यात काही दम नाही, एमसी हे मॅकचं शॉर्ट फॉर्म आहे, कारकून जसा लिहील तसं.

आता हा ग्रेगर कोण? घराण्यात सांगतात की नवव्या शतकातला राजा केनेथ मॅकअल्पिन ह्याचा भाऊ ग्रिगॉर, तो मूळपुरुष. बोधवाक्यही तसंच, 'माझं कूळ राजाचं आहे'. वाचायला भारी वाटतं पण कागदोपत्री हात टेकता येतो तो थेट चौदाव्या शतकात. तिथे 'सोन्याच्या लगामांचा ग्रिगॉर' नावाचा एकजण वंशावळीत दिसतो आणि त्याचा मुलगा इयन काम, म्हणजे एका डोळ्याचा इयन, हा १३९० मधे वारला. माझं मत विचाराल तर पाचशे वर्षांची उडी मारून राजाच्या भावाला जाऊन चिकटण्यापेक्षा ह्या एकाक्ष इयनपासून सुरुवात केलेली बरी. राजवंशाची कथा बहुतेक त्या लोकांना जास्त लागते ज्यांच्या हातून जमीन गेलेली असते, आणि ह्यांची गेली होती.

ती कशी गेली हे बघितल्याशिवाय १६०३ चा हुकूम कळणारच नाही. ह्यांचा मुलूख म्हणजे ग्लेन ऑर्की, ग्लेन स्ट्रे, ग्लेन लायन, म्हणजे स्कॉटलंडच्या मध्य-पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यातली अरुंद खोरी, पाऊस, दलदल, थोडा ओट आणि बाकी सगळी गुरं. चौदाव्या शतकात ग्लेन ऑर्कीची मालकी लग्नातून कॅम्पबेल घराण्याकडे गेली. मॅकग्रेगर तिथेच राहत होते, गुरं चारत होते, पण कागद कॅम्पबेलांच्या पेटीत. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये, सातबारा एकाच्या नावावर आणि कसणारा दुसराच. फक्त इथे कसणाऱ्याच्या कमरेला तलवार होती.

बराच काळ हे चाललंही. मॅकग्रेगर हे कॅम्पबेलांच्या वतीने लढायचे, कॅम्पबेल त्यांना सांभाळायचे, मुलं एकमेकांच्या घरी वाढायला ठेवायचे. सगळेच काही गुरंचोर नव्हते, सोळाव्या शतकात जेम्स मॅकग्रेगर हा लिस्मोरचा डीन, म्हणजे चर्चमधला वरचा अधिकारी, होता आणि त्याने गेलिक कवितांचं जे हस्तलिखित जमवलं ते आज त्या भाषेच्या जुन्या साहित्याचा मोठा ठेवा मानतात. पण ग्लेन ऑर्कीची गादी 'ग्रे' कॉलिन कॅम्पबेलकडे आली आणि संबंध फाटले. ग्लेन स्ट्रेचा तरुण नायक ग्रिगॉर मॅकग्रेगर त्याच्याशी वैर घेऊन रानोमाळ फिरत राहिला, शेवटी पकडला गेला आणि १५७० मधे त्याचं डोकं उडवलं. त्याची बायको मेरियन ही स्वतः कॅम्पबेल, ग्लेन लायनच्या डंकन कॅम्पबेलची मुलगी, म्हणजे माहेरच्याच भाऊबंदांनी नवरा मारला. तिच्या नावावर सांगितलं जाणारं विलापगीत गेलिकमधे अजून गातात, आणि ते आहे अंगाईगीत, मांडीवरच्या पोराला झोपवता झोपवता बापाच्या मारेकऱ्यांना, म्हणजे आपल्याच लोकांना, शिव्याशाप देणारं.

आता कायद्याची बाजू. हा भाग कोरडा वाटेल पण सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. एडिनबराच्या सरकारचा हात हायलंड्सपर्यंत, म्हणजे ह्या डोंगराळ मुलखापर्यंत, पोचत नव्हता, पोलिस नाही, रस्ते नाहीत. मग त्यांनी १५८७ मधे एक कायदा केला, की कोणी चोरी-मारामारी केली तर त्याच्या जमीनदाराने किंवा क्लॅनच्या, म्हणजे कुळाच्या, प्रमुखाने जबाब द्यायचा, नुकसान भरायचं, गुन्हेगार हजर करायचा. म्हणजे प्रत्येक माणसाच्या मागे कोणीतरी जामीनदार पाहिजे. ही सिस्टीम ज्याच्या डोक्यावर जमीनदार आहे त्याला लागू पडते. मॅकग्रेगर पसरलेले पाच-सहा वेगवेगळ्या जमीनदारांच्या हद्दीत, आणि ऐकायचे मात्र आपल्या नायकाचं, ज्याच्याकडे स्वतःची म्हणावी अशी जमीनच नाही. जमीनदार म्हणायचा ही माणसं माझं ऐकत नाहीत, मी कशाला भरू. नायकाकडे भरायला काही नाही. अशा लोकांना तिथल्या कायद्याच्या भाषेत 'तुटलेली माणसं' म्हणायचे, आणि सरकारी हिशोबात एवढे सगळे तुटलेले लोक एकाच आडनावाने ओळखले जात होते.

त्यात ह्यांची वागणूक काही फार गरीब बिचाऱ्यांची नव्हती, ते पण सांगायला हवं, कारण आजकाल सगळ्या लेखांत ते नुसते पीडित म्हणून येतात. १५८९ मधे राजाच्या जंगलाचा अधिकारी जॉन ड्रमंड ह्याचा खून झाला, त्याचं मुंडकं तोडून नेलं, आणि बल्क्विडरच्या चर्चमधे मॅकग्रेगरांनी त्या मुंडक्यावर हात ठेवून शपथ घेतली की हे आपण सगळ्यांनी मिळून केलंय, एकावर आलं तर सगळ्यांवर. सरकार त्यांना समूह म्हणून धरत होतं आणि ते स्वतःही समूह म्हणूनच उभे राहत होते, हे ध्यानात ठेवा.

मग १६०३. लॉख लोमंड ह्या तलावाच्या पश्चिमेला लस नावाचं गाव आहे, तिथले कोहून (स्पेलिंग भलतंच आहे, उच्चार हा). त्यांच्या मुलुखावर मॅकग्रेगरांच्या धाडी चालूच होत्या. १६०२ च्या डिसेंबरमधली एक मोठी धाड झाल्यावर कोहूनांच्या बायका स्टर्लिंगला राजासमोर गेल्या, हातात काठ्यांवर आपल्या नवऱ्यांचे रक्ताने भरलेले शर्ट, असं सांगतात. जेम्सला रक्त बघवत नसे असंही म्हणतात. काही असो, त्याने कोहूनांना शस्त्रं उचलायची परवानगी दिली. आणि ७ फेब्रुवारी १६०३ ला ग्लेन फ्रुइनच्या खोऱ्यात दोघांची गाठ पडली. ग्लेन स्ट्रेचा नायक अलास्टर मॅकग्रेगर, वर सांगितलेल्या ग्रिगॉर आणि मेरियनचा मुलगा, ह्याने आपल्या लोकांचे दोन भाग करून कोहूनांना खिंडीत कोंडलं आणि कापून काढलं. पुढे त्याच्यावर जे आरोपपत्र ठेवलं त्यात १४० माणसं मेली, ६०० गाई आणि ८०० शेळ्यामेंढ्या नेल्या असा हिशोब आहे. कोहूनांकडे राजाचा परवाना होता, म्हणजे ही आता नुसती भाऊबंदकी उरली नव्हती, राजाच्या माणसांवर हल्ला झाला होता. दोन महिन्यांच्या आत आडनाव रद्द.

ह्या पटावर सगळ्यात मोठा फायदा कोणाचा झाला ते बघा. मॅकग्रेगरांना आवरायचं काम ज्याच्याकडे होतं तो आर्गाइलचा सातवा अर्ल (म्हणजे बडा सरदार), आर्चिबाल्ड कॅम्पबेल. अलास्टरने त्याच्यासमोर शरणागती पत्करली ती एका वचनावर, की तुला सुखरूप स्कॉटलंडच्या बाहेर सोडीन. अर्लने वचन पाळलं. माणसं सोबत देऊन त्याला बेरिकपर्यंत नेलं, हद्द ओलांडून इंग्लंडच्या जमिनीवर त्याचे पाय लावले, आणि त्याच माणसांनी त्याला तिथूनच उचलून परत एडिनबराला आणलं. २० जानेवारी १६०४ ला फाशी. त्या काळच्या एका रोजनिशीवाल्याने लिहून ठेवलंय की नायक म्हणून त्याला बाकीच्यांपेक्षा स्वतःच्या उंचीइतकं वर टांगलं. मान ठेवायची ही पण एक पद्धत.

आता मुख्य गोष्ट, हुकूम अंमलात कसा यायचा. नुसतं 'मी आजपासून मॅकग्रेगर नाही' म्हणून भागत नव्हतं. नवीन आडनाव घ्यायचं आणि सोबत जामीन द्यायचा, म्हणजे कोणीतरी जमिनीवाला पुढे येऊन म्हणणार की ह्या माणसाच्या वागण्याची हमी माझी. मग नवीन आडनाव कुठलं? बहुतेक वेळा त्या जामीनदाराचंच, किंवा ज्याच्या जमिनीवर राहतोय त्याचं. म्हणून कोणी स्ट्युअर्ट झाला, कोणी ग्रांट, कोणी ड्रमंड, कोणी मरे, आणि कित्येक जण चक्क कॅम्पबेल. लोकांना हे ऐकून धक्का बसतो की शत्रूचंच नाव कसं घेतलं, पण वरची जामिनाची सिस्टीम डोक्यात असेल तर ते सरळ आहे, जमीन कॅम्पबेलांची, हमी देऊ शकणारेही तेच. आडनाव म्हणजे तुझा जबाबदार कोण ते सांगणारा शिक्का, आणि सरकारला नेमकं तेच हवं होतं. माझ्या मते ह्या बंदीकडे फक्त सूड म्हणून बघितलं की अर्धी गोष्ट निसटते. सूड होताच, पण तो कारकुनी सूड होता, बिनमालकाच्या हजारेक माणसांना एकेका मालकाच्या खात्यावर चढवायचा.

आणि ह्या बदलात आडनावाची जातच बदलली. मॅकग्रेगर हे बापाचं नाव. त्याच्या जागी आलेलं मरे हे मोरे नावाच्या प्रांतावरून (आपल्या मोऱ्यांशी संबंध नाही, विचारणारे भेटतात), ड्रमंड हे ड्रिमेन गावावरून, ग्रांट हे फ्रेंचमधल्या 'मोठा' ह्या शब्दावरून, आणि कॅम्पबेल म्हणजे गेलिकमधे 'वाकडं तोंड', कोणा पूर्वजाचं टोपणनाव. तर ग्रेगरीची पोरं रातोरात वाकड्या तोंडाच्या पूर्वजाची वंशज झाली. कोणी ब्लॅक झाले, कोणी व्हाइट. म्हणून आज ह्या आडनावाच्या अर्थावरून त्या घराचं मूळ शोधायला गेलात तर भलत्याच दारात जाऊन उभे राहाल, अर्थ बरोबर निघेल पण तो दुसऱ्याच्या पूर्वजाचा.

पुढची वर्षं वाईट गेली. पूर्वीच्या मॅकग्रेगरांनी शस्त्र बाळगायचं नाही, फक्त जेवताना मांस कापायला बिनटोकाची सुरी चालेल. चारपेक्षा जास्त जणांनी एकत्र जमायचं नाही. त्यांना आसरा देणाऱ्यांना दंड, आणि त्या दंडातला वाटा आर्गाइलच्या अर्लला. मॅकग्रेगरने दुसऱ्या मॅकग्रेगरचं मुंडकं आणून दिलं तर माफी, असंही होतं. १६१७ मधे पार्लमेंटने बंदीवर शिक्कामोर्तब केलं, कारण तोवर पुढची पिढी मोठी झाली होती आणि ते म्हणायला लागले की हुकूम आमच्या बापांना होता. १६३३ च्या कायद्याने तर पाद्र्यांना बजावलं की मुलाचं बारशाचं नावसुद्धा ग्रेगर ठेवायचं नाही, आणि ह्या नावाने कुठल्या कारकुनाने करारमदार लिहायचे नाहीत. हा शेवटचा मुद्दा फार लोकांच्या लक्षात येत नाही पण सगळ्यात जास्त दुखणारा तोच असणार. फाशी हजारात एखाद्याला व्हायची, पण गाय विकल्याचा कागद, कर्जाची चिठ्ठी, हे सगळ्यांना लागतं, आणि मॅकग्रेगर म्हणून सही केली तर तो कागदच बाद.

म्हणजे नाव कागदावरून गेलं. बोलण्यातून नाही. हायलंड्सच्या खोऱ्यात रोजच्या व्यवहारात आडनाव लागतच नव्हतं मुळात, तिथे माणूस ओळखला जायचा बापाच्या नावाने, केसांच्या रंगाने, एखाद्या व्यंगाने. अख्ख्या जगाला माहीत असलेलं उदाहरण रॉब रॉय, हायलंड्सचा गाजलेला बंडखोर. १६७१ मधे लॉख कॅट्रिनच्या वरच्या अंगाला ग्लेनगाइलला जन्मला, आणि रॉब रॉय ह्यात आडनाव कुठे आहे? 'रॉय' म्हणजे लाल, तांबड्या केसांचा रॉबर्ट. कागदावर तो रॉबर्ट कॅम्पबेल, आईचं माहेरचं नाव. १७१२ मधे जनावरं विकत घ्यायला लोकांनी दिलेले पैसे बुडवून तो पसार झाला तेव्हा एडिनबराच्या पेपरात जाहीर नोटीस आली, रॉबर्ट कॅम्पबेल, ज्याला सर्वसाधारणपणे रॉब रॉय मॅकग्रेगर म्हणतात, हा इतकी इतकी रक्कम घेऊन पळालाय. हे मला फार आवडतं. बेकायदा नाव पेपरात छापावं लागलं कारण कायदेशीर नावाने त्याला कोणी ओळखलंच नसतं! त्याची मुलं पुढे ड्रमंड लावायला लागली कारण आता पाठीराखे ड्रमंड होते. एकाच घरात बाप कॅम्पबेल, पोरं ड्रमंड आणि गावात सगळे ग्रिगॉरचे.

मधे सुटका झाली होती ते राहिलंच. दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर १६६१ मधे बंदी उठवली, कारण राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवीच्या काळात ह्या लोकांनी राजाची बाजू घेतली होती. मग १६९३ मधे विल्यमच्या राजवटीत ती परत बसली. फार अंमलबजावणी अशी झाली नाही, डोकी उडवण्याचे दिवस गेले होते, पण तलवार वर टांगलेली राहिली ती राहिलीच, आणि रॉब रॉयचं सगळं कर्तेपण ह्या दुसऱ्या बंदीतलं आहे.

आता जरा आडवाट. ज्यांना आपल्या मूळ नावाजवळच राहायचं होतं त्यांनी दुसरा मार्ग काढला, मॅक कापून टाकायचा आणि ग्रेगरी लावायचं. अर्थ तोच राहतो, हायलंडचा वास जातो. ॲबरडीनकडच्या एका ग्रेगरी घराण्याचं म्हणणं असं की आम्ही मूळचे मॅकग्रेगर, आणि ह्या घरात प्रोफेसरांची रांगच लागली. त्यातला जेम्स ग्रेगरी, जन्म १६३८, ह्याने आरशांच्या दुर्बिणीची रचना मांडली आणि १६७१ मधे पत्रातून एक अनंत श्रेणी कळवली जी पुढे पाय (π) ह्या संख्येची किंमत काढायला वापरतात. गणितवाल्यांना ती ग्रेगरीची श्रेणी म्हणून माहीत असते, आणि आपल्याकडच्यांना हेही माहीत असतं की केरळच्या माधवाच्या परंपरेत ती त्याआधी दोन-अडीचशे वर्षं होती. तिच्या नावाचाही वाद आहेच, म्हणजे ह्या घराण्याला नावाच्या भानगडीतून सुटका नाही. सांगतात की रॉब रॉय एकदा ॲबरडीनला गेला असताना ह्या ग्रेगरींपैकी एका डॉक्टर प्रोफेसराकडे नातेवाईक म्हणून उतरला, आणि पाहुणचारावर इतका खूश झाला की म्हणाला तुमच्या ह्या पोराला माझ्याकडे डोंगरात द्या, माणूस बनवतो. प्रोफेसराची काय अवस्था झाली असेल.

ग्रेग हे आणखी एक रूप. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग, त्याचा पणजोबा अलेक्झांडर ग्रेग स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरून अठराव्या शतकात बर्गनला गेला आणि तिथे स्पेलिंग फिरलं. तो बंदीतला मॅकग्रेगर होता असं हौसेने सांगतात, पण ग्रेग हे लोलंड्समधे, म्हणजे स्कॉटलंडच्या सखल भागात, बंदीच्या कितीतरी आधीपासून ग्रेगरीचं लाडाचं रूप म्हणून चालत आलंय. प्रत्येक ग्रेगला लपलेला मॅकग्रेगर करायचं कारण नाही.

१७७४ मधे ब्रिटिश पार्लमेंटने बंदी कायमची काढली. तोवर ह्याच लोकांची मुलं राजाच्या हायलंड पलटणींमधे लढत होती, आणि ज्याचं नाव उच्चारायलाही कायद्याने मनाई त्याला सैन्यात अधिकारी नेमायचा हे विचित्रच दिसत होतं. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी नाव परत मिळालं तर ते घ्यायला कोण येणार? कित्येक जण आलेच नाहीत. मरे म्हणून चार पिढ्या गेल्या, शेत त्या नावावर, कबर त्या नावाची, कशाला बदला.

आणि मग प्रश्न आला की नायक कोण, कारण नायकाचं जुनं घराणं संपलेलं. उत्तर सापडलं ते बंगालमधे. जॉन मरे नावाचा एक गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीत ऑडिटर जनरल होता, बक्कळ पैसा करून परत गेला, लॅनरिक नावाची इस्टेट त्याची. ८२६ मॅकग्रेगरांनी सही करून लिहून दिलं की हाच आमचा प्रमुख. आता ग्लेनगाइलच्या, म्हणजे रॉब रॉयच्या, घराण्याला हे पटलं नाही हे ओघाने आलंच. पण गंमत बघा, दोनशे वर्षं जमीन नाही म्हणून ज्यांची परवड झाली त्यांना प्रमुख मिळाला तो कंपनी सरकारच्या पैशाने जमीन घेतलेला.

ह्या जॉन मरेचा मुलगा इव्हन, आणि त्याच्यामुळे ही गोष्ट थेट खानदेशात येते. धुळे जिल्ह्यात शिरपूरकडे तापीच्या काठावर थाळनेर आहे, फारुकी सुलतानांची जुनी राजधानी, त्यांच्या कबरी तिथे आहेत. महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहात होळकरांनी खानदेशातला मुलूख इंग्रजांना दिला, त्यात थाळनेरही आलं. सर थॉमस हिस्लॉपचं सैन्य २७ फेब्रुवारीला तिथे पोचलं तर किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडेना. तोफा लावल्या, एकेक दरवाजा पडत गेला, किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला, आणि शेवटच्या दरवाज्याच्या दिंडीतून काही इंग्रज अधिकारी आत शिरले. आतल्या शिबंदीशी बोलणी फिसकटली आणि त्यांच्यावर वार झाले. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर जागीच गेले, लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे जबर जखमी झाला पण वाचला. इंग्रजांनी मग आतली सगळी शिबंदी कापली आणि हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिलं. त्यावरून विलायतेत बरीच बोंब झाली आणि पार्लमेंटने सैन्याचे आभार मानताना हे प्रकरण वगळून मानले.

तो मॅकग्रेगर मरे म्हणजे हाच इव्हन. त्या एका दिंडीतली दोन नावं बघा. एक कॅप्टन सरळ मॅकग्रेगर, म्हणजे त्याच्या घराने १७७४ नंतर नाव परत उचललेलं. दुसरा कर्नल दोन्ही नावं घेऊन फिरतोय, बंदीतलं पण आणि बंदीमुळे लागलेलं पण. मराठेशाहीच्या इतिहासात थाळनेर वाचताना ही इंग्रज नावं आपण झरझर ओलांडून जातो, इंग्रज म्हणजे इंग्रज. पण बळाने शरणागती, वचन, दरवाजा, फाशी, हे सगळं त्यांच्याच पणजोबा-खापरपणजोबांनी दुसऱ्या बाजूने भोगलेलं होतं, आणि त्याचा कर्नलसाहेबांना किल्लेदाराच्या बाबतीत काही उपयोग झाला असं दिसत नाही.

इव्हन जखमा भरून मायदेशी गेला. वडील वारल्यावर १८२२ मधे तोच सर इव्हन आणि क्लॅनचा प्रमुख झाला, आणि त्याच ऑगस्टमधे चौथा जॉर्ज एडिनबराला आला. स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार किल्ल्यातून राजवाड्यात न्यायची होती आणि तिच्या पहाऱ्यावर कोण, तर सर इव्हन आणि त्याचे मॅकग्रेगर, टार्टन घालून, हत्यारबंद. बिनटोकाच्या सुरीवाले. त्याच वर्षी ह्या घराण्याने राजाच्या परवान्याने मॅकग्रेगर हे आडनाव रीतसर परत घेतलं, म्हणजे रद्द करायलाही राजाचा कागद आणि परत लावायलाही राजाचाच.

आता व्यवहाराचं. समजा कोणाच्या घरी, मग ते घर ग्लासगोत असो की टोरांटोत, सांगत आले असतील की आपण मरे किंवा ब्लॅक किंवा ड्रमंड पण मूळचे मॅकग्रेगर, तर ते खरं कसं ठरवायचं? आडनावाची लिस्ट बघून नाही. दुकानांत जी 'मॅकग्रेगरची उपनावं' म्हणून लांबलचक यादी लावलेली असते तिचा अर्थ इतकाच की ह्या नावाच्या काही लोकांनी कधीतरी बंदीत ते नाव घेतलं होतं. स्कॉटलंडमधले बहुसंख्य मरे हे मरेच आहेत आणि ब्लॅक तर ठिकठिकाणी वेगवेगळे झालेत. बघायचं ते गाव. १७७४ च्या आधी घर बल्क्विडर, ग्लेन लायन, रॅनॉक ह्या पट्ट्यात होतं का, आणि चर्चच्या वह्यांमधे 'कॅम्पबेल ऊर्फ मॅकग्रेगर' अशी दुहेरी नोंद सापडते का. १७७४ नंतर एकाच बापाच्या मोठ्या मुलाचं बारसं एका नावाने आणि धाकट्याचं मॅकग्रेगर नावाने झालेलं दिसलं तर मग शंकेला फारशी जागा नाही.

दुसरी वाट डीएनएची. पुरुषाचं वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातं, साधारण आडनावासारखंच, फक्त त्याला प्रिव्ही कौन्सिलचा हुकूम लागू होत नाही. मॅकग्रेगरांचा असा प्रोजेक्ट बरीच वर्षं चालू आहे आणि त्यातून एक मोठा गट समोर आला जो वर सांगितलेल्या एकाक्ष इयनच्या काळातल्या एकाच पुरुषापर्यंत जातो. त्या गटात मॅकग्रेगर आहेतच, पण भलतीच आडनावं लावणारेही आहेत, म्हणजे बंदीत नाव बदललेल्यांचे वंशज. आणि उलटंही, आडनाव मॅकग्रेगर पण रक्ताचा धागा दुसराच, कारण क्लॅन म्हणजे काही सगळे सख्खे नव्हेत, आश्रयाला आलेला, जावई म्हणून राहिलेला, नायकाच्या मागे उभा राहिलेला, सगळे ग्रिगॉरचेच म्हणवायचे. टेस्टचा रिझल्ट हातात आल्यावर काही लोक नाराज होतात की आम्ही 'खरे' नाही. पण बंदीच्या काळात ज्याच्या घराने जीव धोक्यात घालून हे नाव धरून ठेवलं तो क्रोमोसोम जुळत नाही म्हणून कमी मॅकग्रेगर कसा, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

रॉब रॉयची कबर बल्क्विडरच्या चर्चबाहेर आहे, तीच ती चर्च जिथे मुंडक्यावर शपथ झाली म्हणतात, सध्याची इमारत अर्थात नंतरची. कबरीवर नंतर बसवलेल्या दगडावर लिहिलंय 'मॅकग्रेगर, त्यांच्या नाकावर टिच्चून'. मी मराठीत आणताना थोडी सूट घेतली, पण भाव तोच आहे. आत निजलेला माणूस कागदोपत्री कॅम्पबेलच.